तीनशे चौदा नंबरचा आवाज

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या मावशींना सगळी इमारत हॅलोमावशी म्हणते. पस्तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी फोन उचलून त्या "हॅलो" म्हणाल्या की पलीकडचा माणूस आपोआप ताठ बसत असावा. एकदा कानावर पडलेला आवाज त्या विसरत नाहीत. मध्ये कुठल्याशा बँकेच्या मुलीचा फोन आला. तिचं पाठ केलेलं वाक्य पुरं व्हायच्या आतच मावशी म्हणाल्या, "तू मागच्या वर्षीही केला होतास ना गं फोन? तेव्हा घसा बसला होता तुझा. आता बरा वाटतोय." ती मुलगी बँकेचं राहू दे, घशावर कोणता काढा घेतला तेच सांगत बसली.

त्यांचे यजमान, म्हणजे काका, पत्रे कापायच्या कारखान्यात होते. मशीनच्या आवाजाने त्यांचे कान निम्मे गेले. नजर मात्र घारीची. मावशींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यामुळे त्या घरात कान मावशींचे आणि डोळे काकांचे, अशी वाटणी आहे. दोघांचं भांडणही त्यामुळे मजेशीर होतं. हिचं म्हणणं त्यांना ऐकू येत नाही, आणि त्यांचं रागावलेलं तोंड हिला दिसत नाही.

ही गोष्ट सुरू झाली ती त्यांच्या सुनेमुळे. ती शाळेत शिकवते. वर्गात दाखवायला तिला जुन्या पुलांची चित्रं हवी होती, म्हणून तिने राष्ट्रीय ग्रंथालयाची वेबसाइट उघडली होती. शाळेची वेळ झाली तशी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर तसाच ठेवून ती निघाली.

"आई, हे बंद करू नका हं. माझी पानं उघडी आहेत."

"पानं उघडी म्हणजे?"

"बघा तुम्ही हवं तर. फक्त बंद नका करू."

मावशींनी बघितलं. आधी नुसतं बघितलं, मग चष्मा लावून बघितलं, मग खुर्ची ओढली. त्यांना वाटत होतं, ग्रंथालय म्हणजे पुस्तकं. इथे नकाशे होते, जुनी वर्तमानपत्रं होती, काडेपेट्यांवरची चित्रं होती, दुकानांच्या जाहिराती होत्या, सरकारी खात्यांचे अहवाल होते, आणि डाव्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: ध्वनिसंग्रह.

"अहो," त्या काकांना मोठ्याने म्हणाल्या, "ग्रंथालयात आवाज ठेवलेत!"

"कोणी?"

"ग्रंथालयाने."

"मग ठेवू देत की," काका म्हणाले आणि पेपरात परत डोकं घातलं.

तिथून पुढे मावशींना त्या साइटचा नादच लागला. सकाळची कामं उरकली की सून शाळेत, मुलगा कामावर, आणि मावशी लॅपटॉपपुढे. सुनेने स्वतःचा जुना लॅपटॉप त्यांना देऊनच टाकला. सुरुवातीला शोधायच्या चौकटीत काय लिहावं ते कळेना. 'टेलिफोन' लिहिलं तर एक्केचाळीस हजार गोष्टी पुढ्यात आल्या. 'आमच्या एक्स्चेंजमधला मोठा बोर्ड' असं लिहिलं तर एकही नाही. मग बाजूला साल, प्रकार, ठिकाण अशी निवड करता येते हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं आणि संध्याकाळी दार वाजवून मला येऊन सांगितलं, जसं काही ती सोय त्यांनीच बसवली होती.

ध्वनिसंग्रहात एका संशोधकाने चव्वेचाळीस वर्षांपूर्वी गोळा केलेल्या टेप होत्या. हा माणूस टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरला होता आणि माणसं कामाच्या वेळी कशी बोलतात ते त्याने भरून आणलं होतं. वजनकाट्यावर मोजणारा हमाल, होडीवाल्याची हाक, लिलाव पुकारणारा. काहींची नावं होती, बऱ्याच जणांची नव्हती. मावशी कणीक मळताना एकेक लावून ठेवायच्या.

एका मंगळवारी टेप क्रमांक एकशे अठरा लागली. नोंदीत एवढंच होतं: 'स्त्री, नाव अज्ञात. नदीकाठ. पाण्याची पातळी मोजण्याविषयी.' आधी थोडी खरखर झाली. मग कोणीतरी चढून आल्यासारखा एक दम टाकला, आणि बाईचा आवाज आला:

"हं. चार मीटर... वीस."

मावशींचे हात कणकेतच राहिले.

मी तेव्हा वाटी परत द्यायला गेले होते. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही तीनशे चौदा आहे."

"कोण?"

"तीनशे चौदा गं! वरची चौकी!"

कणकेचे हात धुवून, बसून, त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्या गावाच्या वरच्या अंगाला नदीवर एक चौकी होती. पाण्यात आकड्यांची उभी पट्टी रोवलेली. चौकीदाराने रोज ती वाचायची आणि खालच्या शहरातल्या पूर नियंत्रण कचेरीला आकडा कळवायचा. रोज सकाळी साडेसहाला मावशींच्या बोर्डावर तीनशे चौदा नंबरची छोटी पत्र्याची झाकणी पडायची, म्हणजे तिथून फोन आला. त्या प्लग लावायच्या. पुढची लाइन इतकी खराब होती की कचेरीला चौकीचं बोलणं ऐकूच जायचं नाही. म्हणून आकडा मावशी घ्यायच्या, परत म्हणून दाखवायच्या, "बरोबर?" विचारायच्या, पलीकडून "बरोबर" आलं की कचेरीला सांगायच्या. ऑपरेटरने गिऱ्हाइकाशी जास्त बोलायचं नाही असा कडक नियम होता. नऊ वर्षं दोघी रोज बोलल्या, आणि एकमेकींचं नाव विचारलं नाही. ही तिला 'तीनशे चौदा' म्हणायची, ती हिला 'एक्स्चेंज'.

"आकड्याच्या आधी दम टाकायची आणि मधेच थांबायची. चार मीटर... वीस. मला वाटायचं आठवून सांगते." मावशींनी टेप पुन्हा लावली. "ऐक, आता कळलं का थांबायची ते."

टेपवर ती बाई समजावून सांगत होती: "चाळीस पायऱ्या उतरायच्या, चाळीस चढायच्या. पाणी काही एका जागी उभं राहत नाही. लाट वर जाते, खाली येते. वर गेलेलं धरलं तरी चूक, खाली आलेलं धरलं तरी चूक. दोन्हीच्या मधलं धरायचं. घाई केली की आकडा खोटा." मागे कुठेतरी एक लहान मूल हसत होतं आणि पाण्याचा आवाज होता.

"नाव काय असेल हिचं?" मावशी म्हणाल्या. हे त्या मला नाही, टेपलाच विचारत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. त्या साइटवर जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांची छायाचित्रं होती. नंबरावरून शोधता येत नव्हतं, पानं उलटावी लागत होती, आणि अक्षर मुंगीएवढं. इथे काकांचा नंबर लागला.

"अहो, पेपर ठेवा. इकडे या. तीनशे चौदा शोधा."

"तीनशे चौदा काय?"

"ते तुम्ही शोधून मला सांगायचंय!"

काका कुरकुरत बसले आणि तासाभरात इतके रमले की जेवायला तीनदा हाक मारावी लागली. शेवटी मिळालं: 'नदीमापन चौकी, वरचा पूल – ३१४.' नाव नाहीच. मग खात्याचे वार्षिक अहवाल काढले. त्यात कर्मचाऱ्यांची यादी होती आणि वरच्या चौकीपुढे चौकीदाराचं नाव होतं. नाव पुरुषाचं होतं. आदल्या वर्षीच्या अहवालात तेच, पुढच्या वर्षीही तेच. नऊ वर्षांत बाईचं नाव कुठेच नाही.

"नवऱ्याची नोकरी असेल, बायको कधीमधी फोन करत असेल," काका म्हणाले.

"कधीमधी नाही. रोज. मी एकदाही पुरुषाचा आवाज ऐकलेला नाही त्या लाइनवर."

मग मावशींना पुराचं आठवलं. नोकरीचं आठवं वर्ष. दुपारी बाराच्या सुमाराला, कधी नव्हे ती अवेळी, तीनशे चौदाची झाकणी पडली. "एक्स्चेंज, कचेरी द्या. आणि आज लाइन सोडू नका." वर कुठेतरी ढग फुटला होता. दर पंधरा मिनिटांनी आकडा येत होता आणि वाढत होता. थोड्या वेळाने कचेरीची लाइन तुटली. मावशींनी दुसऱ्या दोन एक्स्चेंजच्या मैत्रिणींना धरून वाट काढली, आणि एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला असे आकडे पोचवत राहिल्या. संध्याकाळी साडेपाचपर्यंत. खालच्या शहरातली नदीलगतची वस्ती पाणी शिरायच्या दीड तास आधी रिकामी झाली होती.

"पाणी शेवटच्या पायऱ्यांवर आलं तेव्हा तिने काय सांगितलं माहितीये? 'आता उतरावं लागत नाही.' एवढंच."

वर्तमानपत्रांच्या संग्रहात त्या आठवड्याचे अंक होते. दोन दिवस खपून काकांनी बातमी शोधली: 'चौकीदाराची दक्षता, शेकडो वाचले.' महिन्याभराने दुसरी: चौकीदाराला साहेबांच्या हस्ते प्रशस्तिपत्र. सोबत फोटो. खुर्चीत बसलेला एक किडकिडीत माणूस, हातात कागद, आणि चेहरा असा की कधी एकदा हे संपतंय.

मावशी खट्टू झाल्या. "म्हणजे तेही त्यालाच दिलं."

काका मात्र फोटो मोठा करत चालले होते. करता करता थांबले. "अगं, हा खुर्चीत का बसलाय? बाकी सगळे उभे आहेत. आणि हे बघ, खुर्चीमागे."

"काय आहे? मला नुसतं काळं दिसतंय."

"कुबडी आहे. एक नाही, दोन." काकांनी चष्मा काढून पुसला. "हा माणूस चाळीस पायऱ्या उतरेल कसा?"

हे सांगायला दोघं माझ्याकडे धावत आले. काकांना इतक्या मोठ्याने बोलताना मी कारखान्याच्या संपाच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच ऐकलं.

साइटवर 'ग्रंथपालांना विचारा' अशी एक सोय होती. मावशींनी तिथे लांबलचक पत्र लिहिलं, सुनेकडून शुद्धलेखन तपासून घेतलं आणि पाठवून दिलं. आठ दिवसांनी तीन ओळींचं उत्तर आलं: आपल्या माहितीबद्दल आभारी आहोत, संबंधित विभागाकडे पाठवत आहोत. मावशी म्हणाल्या, "पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलीये मी. 'पाठवत आहोत' म्हणजे काय ते मला नका शिकवू." पण त्यांचा अंदाज चुकला. त्याच आठवड्यात ध्वनिविभागातल्या बाईंचा फोन आला.

"तुमचं पत्र मी दोनदा वाचलं," त्या म्हणाल्या. "पण मावशी, नुसता आवाज ओळखला म्हणून आम्हाला नोंद बदलता येत नाही. कागद लागतो."

"माझा कान म्हणजे कागदच समजा."

त्या बाई हसल्या. "समजते मी. पण माझे साहेब नाही समजणार. एक करते. त्या संशोधकाच्या वह्या आमच्या तळघरात आहेत, अजून साइटवर चढवलेल्या नाहीत. एकशे अठराची वही बघते."

दहा दिवस मावशींचा जीव थाऱ्यावर नव्हता. फोन वाजला की पोळी तव्यावर टाकून धावायच्या. दोन दिवस आम्ही सगळ्यांनी करपलेल्या पोळ्यांचा वास घेतला. अकराव्या दिवशी बाईंनी वहीच्या पानाचं छायाचित्र पाठवलं. पेन्सिलीने लिहिलेलं होतं. काकांनी वाचून दाखवलं:

"वरची चौकी. चौकीदार पायऱ्यांवरून पडून जायबंदी. गेली आठ वर्षं वाचन पत्नी घेते. अतिशय अचूक. टेपवर नाव घालू नये अशी तिची विनंती: नोकरी नवऱ्याच्या नावावर आहे, कळलं तर जाईल."

नाव अज्ञात का, ते आता कळलं होतं. संशोधकाने शब्द पाळला होता. वहीतसुद्धा त्याने तिचं नाव लिहिलं नव्हतं.

पण यातून नवीनच पेच उभा राहिला. ध्वनिविभागातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "तिनेच नको म्हटलंय, मावशी. आता नाव मिळालं तरी घालायचं का, हे आपण कसं ठरवायचं? घरचं कोणी असेल तर त्यांना विचारायला हवं."

मावशींनी दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही. मला म्हणाल्या, "मी उगाच उकरलं का गं? तिची झाकलेली गोष्ट."

"मग सोडून देताय?"

"सोडून कशी देऊ? विचारायला तर हवं." आणि त्यांनी फोन ओढला.

हे काम त्यांच्या हातचं होतं. अहवालातलं चौकीदाराचं आडनाव घेऊन त्यांनी चौकीजवळच्या गावच्या पोस्टात फोन लावला. पोस्टातून शाळेचा नंबर मिळाला, शाळेतून एका निवृत्त हेडमास्तरांचा. हेडमास्तरांना चौकीदाराची मुलगी आठवत होती. लग्न होऊन शेजारच्या शहरात गेली, नवराबायकोची कपडे धुण्याची लाँड्री आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या शहरातल्या लाँड्र्यांना एकेक करून फोन सुरू झाले. पाचवा फोन एका बाईने उचलला. मावशींनी विचारलं, "तुमच्या दुकानाचा पत्ता काय हो?"

पलीकडे मशीनची घरघर होती. बाई कुठूनशी चालत आली असावी. तिने दम टाकला आणि म्हणाली, "हं. लिहून घ्या. गल्ली सात, दुकान नंबर चार... वीस. म्हणजे चारशे वीस, हसू नका, सगळेच हसतात."

मावशी हसल्या नाहीत. आवाज दुसरा होता, पण तो दम आणि ते मधलं थांबणं तेच.

"हॅलो? ताई, आहात ना लाइनवर?"

"आहे," मावशी म्हणाल्या. "मी एक्स्चेंजमधून बोलतेय. म्हणजे, होते मी एक्स्चेंजमध्ये. तुमची आई रोज सकाळी मला पाणी सांगायची."

पलीकडचं मशीन बंद झालं.

त्या रविवारी चौकीदाराची मुलगी आली. पन्नाशी ओलांडलेली, दणकट हातांची, स्पष्ट बोलणारी. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, वडील त्याच्याही आधी गेले होते. घरात आईचे दोन फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. मावशींनी टेप लावली. पहिला दम ऐकला आणि तिने तोंडावर हात धरला. मागचं हसणारं मूल आलं तेव्हा म्हणाली, "हा माझा भाऊ. त्याला कंबरेला दोरी बांधून ठेवायची आई, पाण्यात जाऊ नये म्हणून. त्याला वाटायचं खेळच आहे." टेप संपल्यावर तिने ती पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाली, "आई दम टाकून बोलायची, हे मी विसरलेच होते."

"तूही तशीच बोलतेस," मावशी म्हणाल्या.

"मी? छे!"

"एक्स्चेंजला विचार."

तिला एकदम काहीतरी आठवलं. "आम्ही पाढे म्हणायला बसलो की आई म्हणायची, 'एक्स्चेंजसारखं परत म्हणून दाखव.' मला वाटायचं, एक्स्चेंज म्हणजे कोणी फार हुशार मास्तरीण असावी."

काकांना हे ऐकू आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?" मावशींनी सांगितलं नाही, नुसता पदर डोळ्यांना लावला, आणि काकांनी बरोबर तेवढ्यापुरतं खिडकीकडे बघितलं.

मग नावाचा विषय निघाला. मावशींनी वहीचं पान दाखवलं, आईची विनंतीही वाचून दाखवली. मुलगी म्हणाली, "बाबांनी ते प्रशस्तिपत्र कधी भिंतीवर लावू दिलं नाही. पेटीत ठेवलं होतं उलटं करून. मला वाटायचं, साहेबांशी भांडण झालं असेल." मग ती म्हणाली, "घाला नाव. आता कोण नोकरी काढून घेतंय? पण बाबांना खोटं पाडू नका. त्यांना चालता येत नव्हतं, पण रोज रात्रीच्या आत खात्याच्या वहीत आकडे तेच नीट उतरवायचे. आईला लिहायला यायचं नाही. आकडे डोक्यात धरून वर यायची."

म्हणजे थांबणं त्यासाठीही होतं. मावशींनी हे माझ्याजवळ पाच-सहा वेळा तरी बोलून दाखवलं असेल.

ध्वनिविभागातल्या बाईंनी मुलीचं पत्र घेतलं, वहीचं पान जोडलं, आणि महिन्याभरात एकशे अठराची नोंद बदलली. 'नाव अज्ञात'च्या जागी आता पूर्ण नाव आहे. खाली लिहिलंय: 'पाण्याची पातळी वाचणारी. नोंदी पतीच्या हातच्या.' आणि त्याखाली बारीक अक्षरात: 'आवाजाची ओळख: माजी टेलिफोन ऑपरेटर.' काकांनी ती ओळ दहा पट मोठी करून मावशींना दाखवली आणि सुनेने ती छापून आणली. मावशी म्हणाल्या, "कशाला कागद वाया घालवला," आणि कागद नीट घडी करून ठेवला.

त्यानंतर बाईंनी त्यांना नाव नसलेल्या बाकीच्या टेपांची यादी पाठवली: जमलं तर ऐका म्हणून. छत्तीस टेप आहेत. पहिल्याच टेपेत मावशींचा अंदाज साफ चुकला. लिलाव पुकारणारा माणूस आपल्या जुन्या सुपरवायझरचा भाऊच आहे असं त्यांनी छातीठोक कळवलं, आणि निघाला तो भलत्याच गावचा. दोन दिवस त्या फुगून होत्या. काका म्हणाले, "कानालाही मोतीबिंदू होतो वाटतं." मावशींना ते बरोबर ऐकू गेलं.

सध्या टेप दोनशे सहा चालू आहे. कोणीतरी म्हातारा माणूस दोरखंड वळताना स्वतःशीच मोजतोय. सत्तावीसपर्यंत जातो आणि परत एकपासून सुरू करतो. सत्तावीसच का, हे मावशींना कळत नाहीये. काल मला ऐकायला बोलावलं होतं. मलाही नाही कळलं.